लाल मातीचं अत्तर

वासाचं काम मी अगरबत्तीच्या कारखान्यात शिकले. रसायनशास्त्राची पदवी होती, म्हणून मला मिश्रणाच्या टेबलावर बसवलं. तिथं गुलाबाशिवाय गुलाब करायला शिकवत. पुढं शिवाजी पेठेतल्या एका अत्तरवाल्या चाचांकडं जाऊ लागले. "बेटी, पहिलं सांग, काय नको," ते म्हणायचे. माझी पद्धत आजही तीच. नवं अत्तर करायला घेतलं, की आधी नको असलेल्या वासांची यादी.

लाल मातीच्या अत्तरात पावसाची माती नको होती. ती सगळेच करतात. मला तालमीतली हवी होती, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली. लहानपणी भावाच्या अंगाला तिचा वास यायचा. माती मागायला तालमीत गेले. बायकांनी आखाड्यात उतरायचं नाही, म्हणून मी दारात उभी राहिले. वस्तादांनी डबाभर माती आणून दिली आणि म्हणाले, "वहिनी, अत्तर करताय न्हवं? मग थोडा घाम बी घाला की!"

आम्ही दोघी मैत्रिणी मिळून धंदा करायचो. मिश्रण माझं, विक्री तिची. प्रमाणं तिच्यापासून मी कधी लपवली नाहीत. माती जमली, हळद जमली, ताक मात्र वर्षं गेली तरी जमेना. हातावर लावल्यावर थोड्या वेळानं बाकी सगळं उडायचं आणि नुसता आंबूस वास उरायचा. "हे सुटल्याशिवाय बाहेर काढायचं नाही," मी सांगितलं. ती म्हणाली, "तू म्हणशील तसं."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणीनं माझ्या पालथ्या हातावर अत्तर लावलं. "बघा की, नवीन आलंय. पुण्याच्या कंपनीचं. कुस्तीच्या मातीचं म्हणं!"

मी हात नाकाशी नेला. माती. मग हळद. म्हटलं, दुसऱ्या कुणालाही सुचू शकतं. तिळगूळ घेतला, वाण घेतलं, उखाणे ऐकत वाट बघत बसले. एकीचा उखाणा रंगात आला असताना माझ्या हातावर ताक आंबलं.

मैत्रीण समोरच बसली होती. तिनं मान खाली घातली. मी तिला जिन्यात गाठलं.

"प्रमाणं तू दिलीस?"

"देऊन आलो की गं. तुझं पुरं कधी व्हायचं? म्हातारी झाल्यावर?"

"त्यात ताक चुकलंय."

"कुणाला कळतंय तुझं ताक? सगळ्या हात हुंगत बसल्यात की!"

"मला विचारायचंस."

"तू न्हाय म्हणाली असतीस."

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून आमच्या कामाच्या खोलीची किल्ली घेतली, तिचं सामान खोक्यात भरून पोहोचवलं आणि कामाला बसले. बऱ्याच खटपटीनंतर वाळ्याचं तेल थोडं वाढवलं, तशी माती शेवटपर्यंत टिकली आणि ताक तिच्यात मुरलं. इतकी वर्षं अडलेलं ते एवढ्यावर सुटलं. पळवून नेलेलं अत्तर अर्धं होतं, पुरं माझ्याकडंच होतं, असं मला वाटलं.

बाटली घेऊन मी त्याच शेजारणीकडं गेले. तिच्या हातावर थेंब लावला आणि ताकाची वेळ उलटेपर्यंत गप्पा मारत बसले. मग तिनं हात हुंगला.

"छान हाय की," ती म्हणाली. "त्या पुण्यावाल्यांचं बघून केलंय न्हवं? पण त्यांच्यात शेवटी जरा आंबूस येतंय बघा. ते तुम्हाला जमलं न्हाय."

मी बाटलीला बूच लावलं.