फुईची नवी चूडी

जगात जे जे काही फिरवून घट्ट करता येतं, ते ते माझ्या फुईनं एकदा तरी मोडलेलं आहे. फुई म्हणजे आत्या. आम्ही खानदेशची माणसं, सुरतेत येऊन दोन पिढ्या झाल्या तरी घरात फुईला फुईच म्हणतो. बमरोलीतल्या तिच्या घरी नळ बंद करायला फुई एकटी पुरते, उघडायला मात्र शेजारी बोलवावे लागतात. एकदा तिनं मला डबा बांधून दिला. तो मी कापड मार्केटात चार धडधाकट माणसांच्या हातून फिरवला आणि शेवटी भाजीसकट तसाच घरी आणला. कारण एकच. झाकण पक्कं बसलं तरी फुई ओठ दाबून म्हणणार, "आखो एक!" म्हणजे आणखी एक पीळ. वाढतानाही तेच. "फुई, पोट फुटेल गं!" म्हणेपर्यंत "आखो एक" करून भाकरी ताटात पडलेली असते.

या बाईला ब्रेक एकच होता, तो म्हणजे तिचा नवरा, आमचे फुवा. ते खुर्चीतून मान वर न करता म्हणायचे, "बस." की फुईचा हात जागच्या जागी थांबायचा. त्या दोघांच्या संसारात याहून जास्त बोलणं मी फारसं ऐकलं नाही, आणि याहून गोड तर नाहीच नाही.

फुवा कामाला होते त्या मिलच्या शेठनं सोडून दिलेली जुनी पद्मिनी मोटार फुवांनी दारात आणून उभी केली, तेव्हा फुई कडाडली होती, "सवत लई उनात का?" म्हणजे सवत घेऊन आलात का? आणि थोड्याच दिवसांत सवतीची सगळी सेवा स्वतःच करू लागली. फुवा फक्त चालवायचे, गाडीच्या पोटाखालचं खातं फुईचं. पदर खोचून ती खाली सरकायची, ऑइल बदलायची आणि इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचा बोल्ट आवळताना "आखो एक" म्हणायची. वरून "बस" यायचं. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग फुवांना लकव्याचा झटका आला. हातपाय हळूहळू वळणावर आले, पण वाचा गेली. येईलही, नाहीही येणार, असं डॉक्टर म्हणाले. आता घरात थांबवणारं कुणी उरलं नाही. पुढच्या वेळी ऑइल बदलताना फुईनं आखो एक दिला, मग आखो एक दिला, आणि बोल्ट नुसताच गरागरा फिरायला लागला. आटे गेले! गाडीखाली काळं तळं साचलं.

गॅरेजवाला खाली डोकावून म्हणाला, "मासी, चूडी तो गई. आखुं चेंबर बदलवुं पडशे." म्हणजे आटे गेले, अख्खं चेंबर बदलावं लागेल. इकडे बांगडीला चूडी आणि गॅरेजात आट्यांनाही चूडीच म्हणतात, त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण फुईचा हात आपल्या हिरव्या बांगड्यांवर गेला. चेहरा उतरला आणि मग असा पेटला म्हणता! "मना नवरा समोर बठेल शे, आन चूडी गई म्हनस का रे मेल्या?" गॅरेजवाला आपला पाना विसरून पळाला.

त्या दिवसापासून तिनं एकच धरून ठेवलं. चेंबर बदलायचं नाही, त्यातच नवी चूडी पाडायची. "चूडी बसली ना, तर यांचं बोलणंबी परत येईल बघ."

"फुई, ऑइलचा आणि बोलण्याचा काय संबंध?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप सुरतेजवळच्या सचिन गावी जाऊन लेथवाल्याकडून जरा जाड बोल्ट आणि त्याच मापाचे आटे पाडायचा टॅप घेऊन आलो.

रविवारी सकाळी गाडी ठोकळ्यांवर चढवली. फुवांची खुर्ची बंपरशेजारी, फुई खाली, मी तिच्या उशाशी बॅटरी धरून. टॅपचं काम म्हणजे तिच्या स्वभावाच्या अगदी उलट. अर्धा फेरा पुढे गेलं की थोडं मागे यायचं, धातूचा कीस मोकळा करायचा, मग परत पुढे. जोर लावला की टॅप मोडलाच! फुई दातओठ खात मागे फिरवत होती. जन्मात पहिल्यांदाच तिला काही सैल करताना मी पाहत होतो. पण आटे पडले, आणि काय सुरेख पडले! कीस धुऊन काढला, तांब्याचा वायसर घातला, नवा बोल्ट चढवला, पाना लावला. बोल्ट घट्ट बसला.

"झालं फुई, सोड!"

"आखो एक!"

"अगं नको, पुन्हा आटे जातील!"

"आखो..."

"ब... बस."

हे मी म्हटलं नव्हतं. पाना थांबला. फुई सरपटत बाहेर आली आणि ऑइलनं काळ्या झालेल्या तोंडानं फुवांच्या पायाशी रस्त्यातच बसली. "काय म्हटलंत? परत म्हणा." फुवांनी तोंड वेडंवाकडं करत मोठ्या कष्टानं परत म्हटलं, "बस." फुई ढसाढसा रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली!

ऑइल भरून रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठा ठणठणीत कोरडा! तो घेऊन फुई सगळ्या गल्लीत मिरवली. गॅरेजवाल्याच्या तोंडापुढे धरून, बांगड्या खळखळ वाजवून म्हणाली, "देख, चूडी!" मग फुवांना पुढे बसवलं, आपण मागे बसली, आणि कामरेजपर्यंत मला गाडी हाकायला लावली. रस्ता रिकामा असला तरी हॉर्न वाजवायचा, असा हुकूम होता.

फुवांचं बोलणं त्यापुढे काही गेलं नाही. तेवढा एक शब्द आला आणि राहिला. परवा गेलो होतो, तेव्हा फुई लोणच्याची बरणी बंद करत होती. झाकण केव्हाच बसलं होतं. तरी ती पीळ देतच राहिली, अगदी हळू, कान खुर्चीकडे लावून. खुर्चीतून "बस" आलं. तिनं बरणी फळीवर ठेवली, आणि थोड्या वेळानं पुन्हा खाली काढली.