टाकीच्या पोटाखाली

मीटरगेजची छोटी गाडी बंद झाली तरी जालना स्टेशनाच्या कडेला तेलाच्या टाकीची एक जुनी वॅगन उरली होती. दर रविवारी आम्ही सातआठ जण हौसेनं तिचा गंज खरडून रंग द्यायचो. आमचे म्होरके रेल्वेतले निवृत्त फिटर. आल्याबरोबर ते टाकीवर हातोडीनं टकोरा मारत आणि कान लावत. "काय म्हातारे, कंबर कशी हाय?" उत्तर मिळाल्यासारखी मान हलवत.

एकदा टाकीच्या पोटाखाली झोपून काम करताना मी कंटाळलो आणि हातभर गंजावरच रंग फासला. त्यांनी वाकून विचारलं, "सर, बराबर खरडलं ना?"

"बिलकुल," मी म्हणालो. मी, शाळेतला मास्तर.

त्यांनी टकोरा मारला. "म्हातारी खोकून राह्यली," एवढंच बोलले.

पुढचे दोन रविवार मी तोंड लपवलं. तिसऱ्या रविवारी गेलो, तर टाकीवर पांढऱ्या रंगात सगळ्यांची नावं होती. माझ्या नावापुरती जागा कोरी होती.

मी काही बोलायच्या आत त्यांनी खरडायची पट्टी माझ्या हातात दिली. "आधी खाली जा, मंग नाव लिहू."

मी खाली सरकलो. वर टकोरा वाजला.

"आला बघ, म्हातारे. म्हणलं न्हवतं?"