अर्धं राहिलेलं वाक्य

तळोद्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान सांभाळणाऱ्या पतासीबाईंनी आयुष्यात कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही. गिऱ्हाईक "मावशी, ती मोठी..." एवढं म्हणेपर्यंत त्या "पातेली ना? वरच्या फळीवर" म्हणून मोकळ्या. नवऱ्याने, उमेदमलजींनी, चाळीस वर्षांपूर्वीच वाक्यं सोडून हुंकार धरले होते.

सून फाल्गुनी, म्हणजे मुलगा तरुणची बायको आणि पतासीबाईंच्या मारवाडीत 'बींदणी', मात्र अजून नेट धरून होती. ती बी.एड. झालेली. मुलींच्या एका निवासी शाळेने तिला गणित शिकवायला बोलावलं होतं आणि पंधरा तारखेपर्यंत होकार-नकार कळवायचा होता. तिने तीनदा विषय काढला.

"मम्मीजी, त्या शाळेचं..."

"घरात कामं थोडी आहेत का, बींदणी?"

तिन्ही वेळा गाडी तिथेच अडली.

अशात एका दुपारी सुपारीच्या खांडाने पतासीबाईंची उजवीकडची दाढ दुखावली. लवंग झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या, ठणका हटेना. शेजारीण म्हणाली, "रूट कॅनल सांगतील. म्हणजे जबड्यात बोअरच मारतात." पतासीबाईंनी दाढ उपटूनच टाकायचं ठरवलं.

दातांच्या डॉक्टर रंजना गावित नवापूरकडच्या होत्या. त्यांनी एक्सरे उजेडात धरला. "आजी, घर चांगलं शे, आतला भाडेकरू खराब शे. त्याले काढसूत, घर ऱ्हाऊ दिसूत."

"किती येळा येनं पडी?"

"आज नस साफ करसूत. आठ दिवसांनी पक्कं भरसूत. मंग वर टोपी."

सुई मुंगी चावल्यासारखी टोचेल, असं डॉक्टर म्हणाल्या. ती मुंगी नव्हती, मुंगळा होता. पण दहा मिनिटांत ठणका गेला आणि त्याच्याबरोबर अर्धा ओठही गेला. मग तोंडात कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी, दाढेभोवती रबराचा पडदा आणि तो धरून ठेवणारं लोखंडी कडं आलं.

"दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन," डॉक्टर म्हणाल्या आणि सोबत आलेल्या फाल्गुनीकडे वळल्या. "तुम्ही बोलत राहा. पेशंटचं लक्ष दुसरीकडे राहतं. त्यांना बोलता यायचं नाही."

लग्नाच्या नऊ वर्षांत फाल्गुनीला असं कुणी सांगितलं नव्हतं. तिने स्टूल जवळ ओढलं.

"मम्मीजी, शाळा साडेदहाची आहे. नऊपर्यंत मी स्वयंपाक उरकीन."

डावा हात वर गेला. यंत्राची घरघर थांबली.

"दुखी ऱ्हायनं का, आजी?"

पतासीबाईंना सांगायचं होतं की दुकानावर डबा साडेबाराला लागतो. पण तोंडातून नुसतं "आँ आँ" निघालं. डॉक्टरांनी आणखी एक सुई दिली.

"डबा तरुण घेऊन जातील. त्यांनी कबूल केलंय."

हात पुन्हा वर. स्वतःच्या मुलाने आपल्याला न विचारता कबूल केलं म्हणजे काय! तिसरी सुई. आता जीभ कुणा दुसऱ्याचीच तोंडात ठेवल्यासारखी झाली. डॉक्टर केसासारख्या बारीक सळयांनी दाढेची मुळं घासत होत्या आणि फाल्गुनी पापड, पाहुणे, सणवार एकेक करून निकालात काढत होती.

"आणि मला खरं तर..." ती म्हणाली.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "कच्चं भरलंय. बधिरपणा जाईपर्यंत चावून काही खाऊ नका, गालच चावला जाईल."

सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा पतासीबाईंचा नेम. तीन सुयांचा ओठ सूर्य मावळण्याआधी काही जागा झाला नाही. दूध घेतलं, तर ते हनुवटीवरून पदरावर उतरलं. त्या उपाशीच आडव्या झाल्या. दाढ दुखत नव्हती. 'मला खरं तर' तेवढं सलत होतं.

पुढचे आठ दिवस त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात पुरं केलं. मला खरं तर वेगळं राहायचंय. मला खरं तर तुमचा कंटाळा आलाय. एकही शेवट नीट बसेना. विचारायचं म्हटलं तर मोठेपणा आड येई.

पंधरा तारखेला, सकाळी पावणेअकराला, त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. नस गेलेली, त्यामुळे आज सुई नव्हती. तोंड उघडण्याआधी त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "बींदणी, त्या दिवशी 'मला खरं तर'वर थांबलीस. पुढचं बोल."

फाल्गुनीने स्टूल जवळ घेतलं. कडं बसलं, पडदा लागला.

"मला खरं तर भीती वाटते, मम्मीजी. नऊ वर्षांत खडू हातात धरला नाही. तुम्ही नाही म्हणता तेव्हा आतून थोडं बरंही वाटतं. मग त्याचाच राग येतो."

हा शेवट पतासीबाईंच्या हिशेबात नव्हता.

"आज फोन करायचाय. नको असेल तर हात वर करा."

नेमकं त्याच क्षणी कडं हिरडीत रुतलं. डोळ्यांतून पाणी आलं. डावा हात खुर्चीवरून चार बोटं उचलला गेला. पतासीबाईंनी तो खाली ओढला, कमरेखाली घातला आणि त्यावर सगळा भार टाकून बसल्या.

"आजी, दुखत असेल तर हात..."

पतासीबाईंनी उजव्या हाताने फाल्गुनीची पर्स दाखवली. पर्समध्ये फोन होता. फाल्गुनी तो घेऊन बाहेर गेली, दार लागलं, आणि मगच डावा हात सुटला आणि छताकडे गेला.

दुकानावर परतल्यावर उमेदमलजींनी विचारलं, "दाढेचं..." आणि सवयीने थांबले.

पतासीबाई वाट पाहत राहिल्या. एक गिऱ्हाईक चमचे पाहून परत गेलं.

"बोला ना पुढचं."

"पुढचं," उमेदमलजी म्हणाले, "तुझ्याकडेच असायचं."