येताना वारा समोरून होता

मंडळी, आज सकाळी धारूरजवळच्या आमच्या तलावात कयाक वल्हवत मी पलीकडचा काठ गाठला. वय अठ्ठेचाळीस!

दुष्काळाआधी हाच प्रयत्न केला होता. मध्येच दम संपला आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या नामदेवमामांनी मला दोरानं ओढून आणलं. पुढे तलावच आटला. वल्हवायला पाणी नव्हतं, म्हणून मी दमासाठी किल्ला चढत राहिले आणि खांद्यांसाठी घरचं पाणी विहिरीतून हातानं शेंदत राहिले.

आज पलीकडे पोचले आणि आनंदातच मनात आलं, वारा तर पाठीशी होता. मग ही ताकद माझी की वाऱ्याची?

मामा तराफ्यावरून ओरडले, "ताई, वारं लई हाय. दोर टाकू का?"

"नको मामा, वल्हवतच येते."

"मागच्या बारीला बी असंच म्हणलत्या तुमी!"

परतताना लाटा तोंडावर येत होत्या. खांदे भरून आले, पण हात थांबले नाहीत. काठाला लागले तेव्हा तराफा घेऊन मागोमाग आलेले मामा दोर गुंडाळत म्हणाले, "आता ह्यो जाळ्यालाच बांधतो. तुमाला कामाचा न्हाई."

आता बिनदिक्कत सांगते, मला जमलं. तुमचं असं कोणतं यश आहे, जे तुम्ही अजून वाऱ्याच्याच नावावर ठेवलंय?