शंभर उत्तरं पाठ असलेली मंदा

त्या सकाळी सिडनीत गिरावीनच्या बागेत एवढीच माणसं होती: मी, मंदा, तिची चार वर्षांची जुळी नातवंडं, कुत्रं फिरवणारी एक लेबनीज म्हातारी, आणि झोपाळ्यांना पिवळी पट्टी गुंडाळणारा कौन्सिलचा माणूस. करोना नुकताच आला होता. पोरं झोपाळ्यासाठी भोकाड पसरून रडत होती. मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मेल्यांनी झोपाळे पण बांधून टाकले." तेवढं मराठी मंदाच्या कानावर गेलं. तोवर ती मला ठाऊक पण नव्हती.

तिने आधी त्या माणसाला मोडक्या इंग्रजीत विचारलं, हा नियम कोणी केला? तो म्हणाला, "आय जस्ट डू द टेप, लव्ह." मग ती माझ्याकडे वळली. "आक्का, ह्याच्यावर रागवू नका. हा राबवणारा. नियम करणारे वेगळे. आणि नियम बरोबर की चूक, ते सांगणारे आणखी वेगळे. हे तिघं वेगळे आहेत तोवर घाबरायचं नाही."

मला वाटलं, बाई जरा सटकलेली दिसते.

सटकलेली नव्हती. मंदा बावीस वर्षं अमेरिकेत राहिलेली. न्यू जर्सीत एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात ताटं लावायची. नवरा तिकडेच वारला. दोन खोल्यांचं घर होतं, त्याची किल्ली हिच्या गळ्यातल्या साखळीत. बसने कामावर जायची, बसने यायची. सदुसष्टाव्या वर्षी तिने तिकडचं नागरिक व्हायचा अर्ज केला होता. त्याची एक परीक्षा असते. समोर साहेब बसतो आणि त्यांच्या राज्यघटनेचे प्रश्न विचारतो. शंभर प्रश्नांची एक पुस्तिका मिळते. वयामुळे हिला त्यातले वीसच करायचे होते आणि उत्तर मराठीत दिलं तरी चाललं असतं. पण मंदा म्हणायची, "वीस करून आत शिरायचं? मी काय मागच्या दाराने चाललेय? शंभर करणार." मुलाकडे महिनाभर राहायचं म्हणून ती सिडनीला आली, आणि आठ दिवसांत सगळं बंद झालं.

मी तिला विचारलं, ह्या वयात नागरिक होऊन करणार काय? म्हणाली, "मत देणार. लग्नाआधी वडील सांगतील त्या चित्रावर शिक्का मारला. लग्नानंतर नवरा सांगेल त्या चित्रावर. तिकडे गेले तर मतच नाही. एकदा माझं मी ठरवून देणार आणि कोणाला सांगणार नाही कोणाला दिलं ते."

बाहेर दोन माणसांनीच चालायचं, असा तेव्हा नियम. आम्ही दोघी रोज चालायचो. पोरं पुढे पळायची. पुस्तिकेला तिने खाकी कव्हर घातलं होतं आणि प्रत्येक प्रश्नाशेजारी पेन्सिलीने मराठी लिहिलं होतं. मी चौथी शिकलेली. अडखळत वाचायची, ती धडाधड उत्तर द्यायची.

"देशाचा सर्वात मोठा कायदा कोणता?"

"राज्यघटना. अध्यक्ष पण तिच्या खाली."

"सिनेटर किती?"

"शंभर. राज्य केवढंही असो, प्रत्येकाला दोन. मोठ्या जावेला जास्त अन् धाकटीला कमी, असलं काही नाही."

"अध्यक्षाने कायदा नाकारला तर?"

"दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश जमले की त्याच्या नाकावर टिच्चून कायदा होतो."

मला हे समजायला वेळ लागला नाही, कारण मी ह्याच्या उलटं बघितलं होतं. नवरा गेला तेव्हा माझा मुलगा तीन वर्षांचा. इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या. त्या खडखडाटात डावा कान गेला. तिथे एक मुकादम होता. बाईने लघवीला किती वेळ जायचं ते तोच ठरवायचा, घड्याळ तोच बघायचा, उशीर झाला तर उन्हात तोच उभी करायचा. माझ्या शेजारची पोर सातव्या महिन्यात तशी उभी होती. चक्कर येऊन पडली. आम्ही तक्रार केली, तर तक्रार ऐकायला आला कोण? मुकादमच. पान चघळत आला. मला अजून ते तोंड आठवलं की शिसारी येते.

मंदाला हे सांगितलं तर ती रस्त्यातच थांबली. "बघा आक्का. करणारा तोच, राबवणारा तोच, निवाडा करणारा तोच. ह्या एका भीतीपायी त्या लोकांनी घटना लिहिली. राजाचा जाच सोसला होता ना त्यांनी."

घटनेचे पहिले शब्द काय, तर 'आम्ही लोक'. मी विचारलं, "ह्या लोकांत बायका होत्या का गं?"

"नव्हत्या."

"आणि ते काळे गुलाम?"

"ते पण नव्हते. लिहिणाऱ्यांतल्या कितीजणांच्या घरी गुलाम राबत होते."

मी रस्त्याच्या कडेला थुंकले. करोनात थुंकले, चुकलंच. पण 'आम्ही लोक' लिहायचं आणि पाणी आणून द्यायला दारात गुलाम उभा, हे ऐकून मला दुसरं काही सुचलं नाही. मंदाने माझी बाजू घेतली नाही की त्यांची पण नाही. म्हणाली, "चुका दुरुस्त करायची सोय त्यांनी आतच ठेवली. म्हणून पुढे गुलामगिरी गेली, बायकांना मत मिळालं. सत्तावीस दुरुस्त्या झाल्यात." आणि बोटांवर मोजत एकेक सांगत सुटली. घरी कोणी तिचं इतकं ऐकून घेत नव्हतं.

घरी मुलगा नितीन आणि सून प्राची, दोघंही कॉम्प्युटरवाले. दोन खोल्यांत दोन लॅपटॉप, दिवसभर मीटिंगा. चाइल्डकेअर चालू होतं, पण आजी आहे म्हणून पोरं घरीच. स्वयंपाक आजी, आंघोळी आजी, भांडी आजी. मी पण इथे माझ्या मुलाकडे हे सगळं करते, पण मी करायला आले होते. ती पाहुणी आली होती.

जुलैत, म्हणजे इकडच्या हिवाळ्यात, तिच्या न्यू जर्सीच्या शेजारणीने फोनवर एका पत्राचा फोटो पाठवला. मुलाखतीची तारीख आली होती, ऑगस्टच्या शेवटी. मंदा त्या दिवशी बागेत जवळजवळ पळतच आली. पण नितीनचं उत्तर ठरलेलं: "आई, फ्लाइटच नाहीयेत. मी चेक करतोय ना."

महिनाभर तो चेक करत होता.

मग एकदा मी पेंडल हिलच्या स्टेशनाजवळ दुकानात मेथी घ्यायला गेले. दुकानदार कोणाला तरी सांगत होता, त्याची बहीण गेल्या आठवड्यात अमेरिकेला पोचली. मी विचारलं, "भैया, विमान चालू है?" तो म्हणाला, "कम हैं आंटी, पर जा रहे हैं लोग." मेथी तिथेच राहिली. मी तशीच मंदाकडे गेले. तोवर एकमेकांच्या घरी जायची परवानगी मिळाली होती.

नितीन डायनिंग टेबलाशी होता. मी दारातूनच म्हणाले, "नितीन, विमानं चालू आहेत म्हणे."

तो हसला. "मावशी, तुम्हाला कोणी सांगितलं? ते इमर्जन्सीसाठी असतं."

"दुकानदाराची बहीण गेली. तिला कसली इमर्जन्सी होती?"

प्राची आतून आली. "मावशी, तिकडे रोज किती माणसं मरतायत, बघताय ना टीव्हीवर? आईंना अशात पाठवायचं?"

हे खोटं नव्हतं. तिकडे खरंच माणसं मरत होती. तेवढ्यात मंदा म्हणाली, "मरायचं ते मी बघेन. नितीन, माझा पासपोर्ट दे."

"कपाटात आहे आई. सेफ आहे. चावी माझ्याकडे आहे."

"मग उघड."

"आई, प्लीज. वी डिसाइडेड. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, तू यंदा जायचं नाही."

"सगळ्यांनी? कधी ठरलं? तेव्हा मी कुठे होते?"

जुळ्यांतली पोरगी जमिनीवर रंग करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "यू वेअर कुकिंग, आजी."

नितीनने कानात ती यंत्रं घातली आणि मीटिंगला बसला. मंदा उठली. मला वाटलं, आता कपाटाकडे जाते. ती ओट्याशी गेली आणि चहा टाकला. चौघांचा. मुलाच्या कपात वेगळं आलं किसलं, त्याला आवडतं म्हणून.

मला किळस आली. त्या पोराची आली, सुनेची आली, पण सगळ्यात जास्त मंदाची आली. आणि तो चहा मी प्यायले, म्हणून माझी पण.

दुसऱ्या दिवशी बागेत मी तिला सोडलं नाही. "शंभर उत्तरं पाठ केलीस आणि स्वतःच्या पोराला एक प्रश्न धड विचारता येत नाही तुला? चल, पोलिसांत जाऊ."

"पोराला पोलीस लावू?"

"मग दुसऱ्या कोणाकडे जाऊ."

"कोणाकडे आक्का? नियम त्यानेच केला. किल्ली त्याच्याकडे. आणि तक्रार ऐकणारा पण तोच." मग म्हणाली, "तुमच्या मुकादमासारखा. फक्त ह्याला मी दूध पाजलंय."

मी माझ्या मुलाला नितीनशी बोलायला सांगितलं. तो म्हणाला, दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला. नितीन आमच्यापासून दोन घरांपलीकडे, दोघं मिळून क्रिकेट बघतात.

मुलाखतीची तारीख आली. तिकडचे नऊ म्हणजे आमच्याकडे रात्र. मंदा म्हणाली, आपण आपल्या सकाळी नऊला धरू. पावडर लावून आली, प्रवासासाठी शिवलेला नवा ड्रेस घालून आली. मी पुस्तिका उघडली आणि साहेबासारखी ताठ चालत शंभरच्या शंभर प्रश्न विचारले. तिचं एकही चुकलं नाही. शेवटचं उत्तर दिल्यावर म्हणाली, "पास ना?" मी म्हणाले, "पास." तिने पुस्तिका पिशवीत टाकली. पुन्हा कधी बागेत आणली नाही.

मुलाखतीला गेली नाही म्हणून तिचा अर्ज रद्द झाला. पुढच्या जानेवारीअखेर इकडच्या शाळा सुरू झाल्या आणि जुळी शाळेत जायला लागली. आणि काय सांगू, महिन्याच्या आत विमानं सापडली. पासपोर्ट सापडला, किल्ली सापडली, नितीन स्वतः सोडायला गेला. माणसं तेव्हाही तिकडे मरतच होती. पण आता पोरांना दिवसभर सांभाळायचं नव्हतं ना!

मंदाने जाऊन पुन्हा अर्ज केला. मला फोनवर सांगायची, "आक्का, घर उघडलं, सगळीकडे धूळ, पण माझी धूळ." नवी तारीख यायच्या आधी तिला करोनाने गाठलं. दवाखान्यात बारा दिवस होती. ती जिथे ताटं लावायची तोच दवाखाना. अंत्यविधी आम्ही नितीनच्या टीव्हीवर पाहिला. संपल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "मी सांगत होतो, जाऊ नको." माणसं मान हलवत होती. मी उठून चपला घातल्या. प्राची म्हणाली, "मावशी, चहा?" मी तिच्याकडे बघितलं पण नाही.

घरी जाऊन मी मुलाला म्हणाले, माझा पासपोर्ट दे. तो म्हणाला, "आई, तुला कुठे जायचंय?" मी म्हणाले, कुठेच नाही, दे. दिला. माझ्या नऊवारीच्या घडीत ठेवलाय. का मागून घेतला, ते माझ्या मुलाला अजून कळलेलं नाही. कळायचं असतं तर मंदाच्या वेळी कळलं असतं.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्या कपाटात आईचा पासपोर्ट असेल, तर आज काढा आणि तिच्या हातात द्या. कुठे जाणार म्हणून विचारू नका.