गजावरचा हात

मनगट मोडल्यानंतर नवऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम. दादरच्या नाट्यगृहात चित्रपटगीतांचा दुपारचा ऑर्केस्ट्रा होता आणि तो व्हायोलिनच्या दुसऱ्या रांगेत. लोक टाळ्यांनी ठेका धरत होते, पण मला एकही गाणं धड ऐकू येईना. सगळे गज एकदम वर जात, तेव्हा त्याचा मागे पडतोय का, एवढंच मी बघत होते.

"अहो, किती चुळबुळ करता!" शेजारच्या बाई वैतागल्या.

चौथ्या गाण्यात त्याने गज खाली ठेवला आणि मनगट दाबून धरलं. मी ताडकन उठले. तेवढ्यात त्याने पुन्हा गज उचलला.

मध्यंतरात भेटल्यावर त्याने विचारलं, "कसं वाटलं गं?"

"ते नंतर. आधी हात दाखव."

मनगट सुजलं होतं, तरी तो परत आत गेला. उरलेला कार्यक्रम मी दाराशी उभी राहूनच पाहिला.