हाताला काय लागलं

दुपारचं जेवण झाल्यावर मी कॉटवर आडवी होते आणि शरीरशास्त्राचं पुस्तक छातीवर उघडं धरते. त्वचेचं प्रकरण. डोक्यावर पंखा फिरतो आहे. त्याचा वारा कपाळाला लागतो आणि थोड्या वेळाने लागेनासा होतो. वारा थांबलेला नसतो, कातडीतल्या ग्राहींनी, स्पर्श टिपणाऱ्या नसांच्या टोकांनी, कळवायचं थांबवलेलं असतं. जे बदलत नाही ते कळवायचं नाही, असा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा नियम आहे. अंगावरचे कपडे आपल्याला दिवसभर जाणवत नाहीत ते यामुळेच.

हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत आहे. आता पदवी हातात आहे, नोकरी शोधायची आहे, आणि मी दादा गेल्यापासून एवढं एकच प्रकरण वाचते आहे. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तुषार. सांगलीत आणि आजूबाजूच्या गावांत लग्नांना, सभांना साउंड सिस्टिम लावायचा. दोन महिन्यांपूर्वी एका लग्नाचं सामान घेऊन परत येताना त्याच्या टेम्पोला अपघात झाला. डोक्याला मार लागला आणि तो शुद्धीवर न येताच गेला. मधल्या दिवसांत आयसीयूत संध्याकाळी थोडा वेळ आत सोडायचे. मी त्याचा हात धरून बसायचे. तिथले तरुण डॉक्टर, दुखून जाग येते का बघायला, मुठीची पेरं त्याच्या छातीच्या हाडावर रगडायचे, त्याच्या पापण्या उघडून बॅटरी मारायचे आणि शांतपणे सांगायचे, प्रतिसाद नाही.

प्रतिसाद नाही याचा अर्थ पोचलं नाही असा होत नाही. त्याच्या हाताची कातडी चांगली होती. नसा चांगल्या होत्या. मी बोटांनी दाबलं ते मनगटातून, दंडातून, मानेपर्यंत नक्की गेलं. तिथून पुढे काय झालं? मी हात धरलाय हे त्याला कळलं का? मला एवढंच हवं आहे. ते या प्रकरणात नाही, कुठल्याच पुस्तकात नसणार, तरी मी रोज तेच पान उघडते, कुठेतरी एखादी ओळ वाचायची राहून गेली असेल म्हणून.

एक ओळ वाचते. परत तीच वाचते. अक्षरं जरा लांब सरकतात.

"डोळे बांधलेस, आता टोच की," दादा म्हणतो.

तो आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंच स्टुलावर बसला आहे. डोळ्यांवर आमच्या घरातला निळा पंचा बांधलेला. खिडक्यांना हॉस्पिटलचे हिरवे पडदे आहेत, पण त्याचं मला काही वाटत नाही. माझ्या हातात कर्कटक आहे. दोन टोकं जवळजवळ धरून कातडीवर टेकवायची आणि समोरच्याने सांगायचं, एक टोक लागलं की दोन. बोटाच्या पेरावर ग्राही दाटीने असतात, तिथे दोन टोकं वेगळी कळतात. पाठीवर विरळ, तिथे दोन्ही मिळून एकच लागतं. परीक्षेच्या आधी मी हे दादावर करून बघायचे, आणि तो अख्ख्या गल्लीला सांगत सुटायचा की लोकांच्या बहिणी भावाला ओवाळतात, आमची टोचते.

मी त्याच्या तळहातावर टोकं टेकवते.

"एक का दोन?"

तो मान तिरकी करतो, लांबून येणारं काहीतरी ऐकल्यासारखी. "टेकवलंस का?"

मी जरा दाबते. त्याच्या तळहातात दोन खळगे पडतात. "आता?"

"टेकव की ग. किती वेळ लावतीस."

मी आणखी दाबते. टोकं आत जाताना मला दिसतात. तो पंच्याखाली हसतो आहे, माझी वाट बघत. मला ओरडावंसं वाटतं. मी कर्कटक उचलते तर हातात माइक आहे.

समोर शाळेचं मैदान. मांडव घातलेला, लाल खुर्च्या मांडलेल्या, माणूस एकही नाही. दादा पार दुसऱ्या टोकाला स्पीकरच्या शेवटच्या बॉक्सपाशी उभा आहे, एवढासा दिसतो. हे काम मला माहीत आहे, फक्त जागा उलट्या झाल्या आहेत. मी शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी तो मला टेम्पोत घालून न्यायचा आणि शेवटच्या बॉक्सपाशी उभी करायचा. तो स्टेजवरून माइकमध्ये बोलणार, आणि आवाज आला की मी हात वर करायचा. माइकपाशी उभं राहणाऱ्याला लांबचं काही कळत नाही. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत असतो. शेवटच्या बॉक्सचं तिथल्या माणसानेच सांगावं लागतं.

"हॅलो," मी म्हणते. "हॅलो, चेक. दादा, चेक."

आवाज वायरीत शिरलेला मला दिसतो. वायर पांढरी आहे, थोड्या थोड्या अंतरावर तिचं वेष्टण तुटलेलं, आणि आवाज एका तुटीवरून दुसऱ्या तुटीवर उड्या मारत चालला आहे. ही वायर नाही, पुस्तकातल्या आकृतीतली नस आहे. दादाने हात वर केला का ते मला दिसत नाही. ऊन त्याच्या मागे आहे. मी डोळ्यांवर हात धरते, परत माइकमध्ये हाक मारते, मग माइक टाकून आवाजाच्या मागे पळत सुटते.

खुर्च्या संपतात आणि आयसीयूच्या बाहेरचा पॅसेज सुरू होतो. वायर भिंतीच्या कडेने गेली आहे, चपला काढायच्या फळीवरून, बंद दारांखालून. माझ्या पुढे आवाज उड्या मारतोच आहे. पॅसेजच्या शेवटी एक खिडकी असते, हे मला कसं कोण जाणे माहीत आहे. आलेला प्रत्येक निरोप तिथे घेतात. खिडकीत माणूस बसलेला असला तर घेतात. मी पोचते तेव्हा खिडकीत खुर्ची आहे, खुर्चीवर उशी आहे, उशीला बसणाऱ्याचा खळगा आहे. माणूस आत्ता उठून गेला की दोन महिन्यांपूर्वी, ते मला सांगता येत नाही. मी उशीवर हात ठेवून बघते. काही कळत नाही.

पॅसेजच्या फरशीला पायऱ्या फुटतात आणि त्या कृष्णेत उतरतात.

हा घाट दहाव्याचा आहे. दहाव्याला बाबांनी इथे पिंड ठेवले आणि गुरुजी अजून मागे सरले नाहीत तोच कावळा शिवला. सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास टाकला. काका म्हणाले, काही इच्छा राहिली नाही पोराची, समाधानाने गेला. बाबा पायरीवर बसून रडले ते त्या समाधानानेच. एकटी मी कावळ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं तो शिवणार नाही. कावळा शिवला नाही की एकेकाने पुढे होऊन विचारायचं असतं, तुझं काय राहिलं, काय हवं, आम्ही करू. माझी विचारायची तयारी झाली होती. कावळ्याने मला बोलूच दिलं नाही.

खालच्या पायरीवर दादा बसला आहे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून. शेजारी शेवटचा बॉक्स. बॉक्सवर कावळा, आमच्याकडे पाठ करून. पंचा आता दादाच्या गळ्यात आहे आणि त्याचे डोळे उघडे आहेत.

"हात वर केला होतास का?" मी विचारते.

"आधी बस तरी. केवढा दम लागलाय."

"केला होतास का, सांग."

"हो म्हटलं तर पटणार आहे काय तुला?"

मी विचार करते. नाही पटणार. हा दादा माझ्या मेंदूने केलेला आहे, माझ्याच आठवणींचा. तो हो म्हणाला तर ते मीच म्हटल्यासारखं आहे, आणि नाही म्हणाला तरी तसंच. पण यावर उपाय असतो, कुठल्याही प्रयोगात असतो. मी त्याच्या शेजारी बसते आणि त्याला म्हणते, मला माहीत नसलेलं काहीतरी सांग. एकच गोष्ट. मी नंतर तपासून बघीन.

तो खो खो हसतो. त्याचं हसणं कानाला नाही, छातीला लागतं, मोठ्या बॉक्ससमोर उभं राहिल्यावर लागतं तसं. "तोंडी परीक्षा सुरू झाली बघा प्रोफेसरांची. अग, तुला माहीत नाही ते मला कुठनं माहीत असणार? मी आता तुझ्याकडंच राहतोय."

"मग मी विचारू कुणाला?"

मी त्याला सगळं सांगायला लागते, भराभर, कारण पाणी एक पायरी वर आलेलं मला दिसलं आहे. सांगते की नस मेंदूपर्यंत निरोप नेते, पण जागं असणं ही वेगळी गोष्ट आहे. कधी निरोप पोचतो आणि घेणारा झोपलेला असतो, कधी घेणारा जागा असतो पण उत्तर द्यायचा रस्ता तुटलेला असतो, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. डॉक्टर म्हणाले प्रतिसाद नाही. तू आत जागा होतास का, एकटा होतास का, कुणी हात धरलाय एवढं तरी कळत होतं का. गिऱ्हाईक तक्रार करायला लागलं की तो ऐकायचा तसा, हनुवटी खाजवत, मधे न बोलता, तो ऐकून घेतो.

मग विचारतो, "तुझ्या हाताला काय लागलं?"

"म्हणजे?"

"रोज धरून बसायचीस ना. कसा होता हात?"

मी तोंड उघडते. मला मॉनिटर आठवतो, त्यावरची हिरवी रेघ, वरखाली होणारे आकडे. सुईवरची चिकटपट्टी आठवते. त्याची करंगळी आठवते, कारण ती हलेल म्हणून मी तिच्याकडे बघत असायचे. हात ऊन होता की गार? कोरडा होता का? मी शोधते, आणखी खाली शोधते. सुईला धक्का लागू नये म्हणून मी अगदी स्थिर धरायचे. स्थिर धरलेला हात थोड्याच वेळात हाताला लागेनासा होतो. जे बदलत नाही ते कळवायचं नाही. माझ्या ग्राहींनी त्याला माझ्यासमोर पुसून टाकलं, आणि मी तिथेच बसलेली होते.

"माझ्याकडं नाही," मी म्हणते. "दादा, माझ्याकडं काहीच नाही." पाणी गुडघ्यांना लागतं आहे की नाही तेही कळत नाही. त्याच्याकडून हवं होतं ते मिळणार नाही हे मी सोसलं असतं. पण जे माझ्याच कातडीत असायला हवं होतं तेही नाही.

"रडतीस काय," तो म्हणतो आणि उजवा हात माझ्यापुढे करतो. "घे. आणि नुसती धरून बसू नकोस मठ्ठासारखी. हलव जरा."

मी डाव्या हाताने त्याचा हात घेते आणि अंगठा हलवते. हळू. बोटांच्या बुडाशी वायरी ओढून पडलेले घट्टे, एकापुढे एक. तर्जनीवर वायर सोलताना कापलेली जुनी खूण, तिच्या कडेला कातडी किंचित उचललेली. मी हात पालथा करते. मागच्या बाजूला केस, फुगलेली शीर, शिरेखाली ठोका. आणि हात ऊन आहे. दुपारभर उन्हात ठेवलेल्या पत्र्याइतका नाही, चहाचा पेला हातातून नुकताच खाली ठेवल्यासारखा. केसाळ कातडीत अशा काही नसा असतात की त्या फक्त असल्या सावकाश हाताला जाग्या होतात. कुठे शिवलं ते त्या नीट सांगत नाहीत, कुणीतरी शिवतंय एवढंच सांगतात. हे त्याला सांगायला मी तोंड उघडते आणि सांगत नाही. अंगठा थांबेल म्हणून सांगत नाही.

"लागतंय?" तो विचारतो.

"लागतंय."

"मग हात वर कर की."

मी उजवा हात वर करते, जमेल तेवढा उंच, शेवटच्या बॉक्सपाशी करायचे तसा. कावळा उडतो. पाणी माझ्या गळ्याशी आहे, आणि मी अंगठा हलवते आहे, हलवते आहे.

पंखा फिरतो आहे. पुस्तक घसरून जमिनीवर पडलं आहे. स्वयंपाकघरात आई कैऱ्या चिरते आहे, विळीचा आवाज येतो. मी हलत नाही. आधी बघून घेते, कुठला हात कुठे आहे. उजवा हात पोटावर. डावा कॉटच्या बाहेर लोंबतो आहे, बोटं जवळजवळ फरशीला टेकलेली. ऊन खोलीच्या या बाजूला येत नाही.

डावा हात, दादाचा हात धरला होता तो, ऊन लागतो आहे.

मनाला वाटतं आणि कातडीला लागतं यात फरक आहे, आणि तो बघता येतो. मी उठून स्वयंपाकघरात जाते. माठातलं पाणी तांब्याने काढून पातेल्यात ओतते आणि दोन्ही हात एकदमच बुडवते. पाणी एकच आहे. पण कातडी पाण्याचं तापमान मोजत नसते, ती आपल्यात आणि पाण्यात किती अंतर आहे ते सांगते. ऊन हाताला तेच पाणी जास्त गार लागतं.

उजव्या हाताला पाणी माठातल्या पाण्यासारखं लागतं. डाव्या हाताला ते चटकन चावतं, मनगटापर्यंत.

"काय चाललंय ग?" आई विचारते. "हात धुवायचे तर मोरीत धू. प्यायचं पाणी आहे ते."

"बघतेय," मी म्हणते.

"पाण्यात काय बघायचंय?"

डावा हात निवायला लागला आहे. आणखी थोडा वेळ ठेवला तर दोन्ही हातांना पाणी सारखंच लागेल. मी तो घाईने बाहेर काढते, कोरडा करते, ओढणीत गुंडाळून पोटाशी धरते. उजवा पाण्यातच राहू देते.